गप्प बाईचा मसाला

कुंदा, तुझ्या शोकसभेत मला माईक दिला गं. मला! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "आता कुंदाताईंच्या वहिनी आणि धंद्यातल्या भागीदार वासंतीताई दोन शब्द बोलतील," आणि मागून कुणीतरी पाठीला हात लावून मला उठवलंच. उभी राहिले. माईक धरला. समोर अर्ध्या अंधेरीतल्या बायका डोळ्यांना पदर लावून माझ्याकडे बघतायत. तोंड उघडलं तर आतून काही येईचना. माईकमधून नुसता माझा श्वास ऐकू जात होता, फूस फूस. शेवटी तो टेबलावर ठेवला आणि खाली बसले. बाहेर पडताना एक जण दुसरीला म्हणत होती, "बिचारीला धक्का बसलाय." धक्का कसला डोंबलाचा, मी अशीच आहे. पण हे त्यांना कोण सांगणार? सांगायचं काम तुझं होतं.

म्हणून ते दोन शब्द इथे लिहिते. दोन नाहीत, बरेच आहेत, आणि सगळे काही गोड नाहीत. तुला काय झालं, कुठलं इस्पितळ, डॉक्टर काय म्हणाले, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून सांगून तुझ्या दादाचा घसा बसलाय. ते मी पुन्हा उगाळणार नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट टाकून निघून गेलीस, आणि जाताना मला या धंद्याच्या खोड्यात पाय अडकवून ठेवून गेलीस.

सुरुवात तू केलीस, हे आधी कबूल कर. गिरणीचा संप लांबला, तुझ्या दादाची नोकरी गेली ती गेलीच. मी आपली घरापुरता मालवणी मसाला भाजायचे, डंकावर नेऊन कुटून आणायचे. शेजारच्या कुणी मागितला तर मुकाट्याने वाटीभर द्यायचे, कारण "नाही" म्हणायला तोंड उघडावं लागतं. तू लग्न होऊन आमच्याच बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर गेलेली, त्यामुळे दिवसातून दहा वेळा खाली. एकदा मी अशीच वाटी भरत होते, तू दारात उभी राहिलीस, कमरेवर हात. "काय गो वहिनी, धर्मादाय काढलायस काय?"

"मला विकायला नाही जमणार," मी म्हटलं.

"तुला कोण सांगतंय विकायला? तू भाज. तोंड मी चालवते."

एवढाच आपला करार. त्यावर सही नाही, शिक्का नाही. मला तो पटला, कारण मला भाजायला आवडतं. मिरची वेगळी, धणे वेगळे, त्रिफळं वेगळी, प्रत्येकाची आच वेगळी. भाजताना कुणाशी बोलावं लागत नाही. कढई विचारत नाही, "काय वासंती, एवढी गप्प का?" मला आयुष्यात एवढंच हवं होतं, की मी भाजावं आणि कुणी मला काही विचारू नये. तुला काय हवं होतं ते आख्ख्या अंधेरीला माहीत होतं, कारण तू ते आख्ख्या अंधेरीला सांगायचीस.

आणि तुझी ती पहिली जाहिरात! अजून आठवलं की कानशिलं तापतात. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या खोलीत ठेवलंस. का, तर म्हणे, "तुझ्या भिंतींनासुद्धा मसाल्याचा वास आहे." आख्खी बिल्डिंग बोलावलीस, मागच्या चाळीतल्या बायका बोलावल्यास. लोक वाण म्हणून काय लुटतात? गाळणी, कंगवा, प्लास्टिकची डबी. तू ठरवलंस, मसाल्याची पुडी. मी तुला म्हटलं होतं, "कुंदा, तिखट कुणाच्या हातात देत नाहीत गं, भांडणं लागतात." तर म्हणालीस, "हातात कुठे देतेय? पुडीत देतेय."

पहिल्याच आल्या तळमजल्यावरच्या काकू. कुंकू लावून घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला, पदर पसरला, आणि पुडी बघून असा काही झटक्यात मागे ओढला की बांगड्या वाजल्या. "अगो बाई! तोंडाने गोड बोला म्हणायचं आणि ओटीत मिरची घालायची?" बायका एकमेकींकडे बघतायत. मी आतल्या बाजूला, हातात तिळगुळाचं ताट. मला वाटलं, मोरीतल्या पिंपात बसावं आणि वरून झाकण लावून घ्यावं. आणि तू? पापणी हलली नाही तुझी. खाली बसलीस, सतरंजीवर पुड्यांची ओळ मांडलीस आणि म्हणालीस, "काकू, मी देतच नाहीये. मी खाली ठेवलीय, तुम्ही उचला. खालून उचललं की भांडण लागत नाही. तुमच्या सासूबाईच सांगायच्या ना?"

काकूंच्या सासूबाईंना तू जन्मात बघितलं नव्हतंस. पण काकू वाकल्या. मग त्यांच्या मागची वाकली. मग सगळ्याच, गुडघे धरत, हसत, "आमच्याकडेपण अस्संच करतात हो" म्हणत. पुड्या संपल्या. आणि तेव्हापासून तो आपला रिवाजच झाला, मंडळाच्या प्रदर्शनात असो नाहीतर दारावर, पाकीट कुणाच्या हातात द्यायचं नाही, टेबलावर ठेवायचं आणि गिऱ्हाइकानं उचलायचं. लोक म्हणायला लागले, या बायका जुनं सगळं नीट पाळतात. अगं, चूक केली होतीस तू, मोठी घोडचूक, आणि तिचाच धंदा केलास. माझ्याकडून अशी चूक झाली असती तर मी ती खोली सोडून गावाला गेले असते.

गंमत वाटते आता. तेव्हा नाही वाटायची. तुला कधी कळलं नाही, किंवा कळलं असेल तर तू दाखवलं नाहीस, की मला माणसांची भीती वाटत नाही. माणसांचं बोलणं मला लागतं, एवढंच. एखादी बाई नुसती म्हणाली, "यंदा जरा कडवट लागला हो," तर ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून राहतं. भांडी घासताना ते, झोपताना ते. मेथी जास्त भाजली का? आच मोठी होती का? ती बाई आता घरी जाऊन काय म्हणत असेल? आणि "छान झालाय" म्हणाली तरी तेच. आता पुढच्या वेळी नाही झाला तर? तू म्हणायचीस, "वहिनी, तुझी कातडी कांद्याच्या सालीची आहे." हो, आहे. मग काय करू, सोलून ठेवू?

तरी मी तुझ्याबरोबर प्रदर्शनात यायला लागले. तू पुढे उभी, मी मागे स्टुलावर. माझ्यासमोर मेणबत्ती, हातात करवतीचं जुनं पातं. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड पात्यावर दुमडायचं, ज्योतीवरून हळूच फिरवायचं, की ते चिकटतं. मान खाली घालून करायचं काम. मी तुझ्या पाठीमागे त्या कामात इतकी सुखात असायचे की काय सांगू. तुझी रुंद पाठ आणि तुझा तो आवाज, "तोंडात टाका आणि मग बोला!", आणि माझ्यासमोर एवढीशी ज्योत. जगात मला लपायला तेवढी एकच जागा मिळाली होती. हे तुला मी कधी बोलले नाही. आपण रोज बोलायचो, म्हणजे तू बोलायचीस, त्यात हे राहूनच गेलं.

आणि मग तू ते पाकीट छापलंस.

मला न विचारता, हं. तुझ्या पुतण्याच्या लग्नातला आपला सगळ्यांचा फोटो घेतलास, त्यातून मला कापून काढलंस, आणि छापखान्यात जाऊन ब्लॉक करून आणलास. वर झोकात, "वासंतीवहिनींचा घरगुती मालवणी मसाला." खाली गोलात माझं थोबाड. छापखान्यातल्या माणसाने स्वतःच्या मनाने माझ्या नाकात नथसुद्धा काढली होती. मी स्वतःच्या लग्नातसुद्धा नथ घातली नव्हती, नाक दुखतं म्हणून. गठ्ठा सोडलास आणि दिसेल तिकडे मी. पलंगावर मी, कपाटावर मी. मला अक्षरशः गुदमरल्यासारखं झालं. तू म्हणतेस, "झकास दिसतेस की गो!"

त्यानंतर माझं रस्त्यावरून चालणं संपलं. भाजीवालीकडे उभी राहिले की शेजारची बाई वाकून बघणार, "तुम्ही त्याच ना हो, पाकिटावरच्या?" मी म्हणायचे, "हो." मग ती, "तिसळ्यांच्या कालवणाला किती घालायचा? आमचा रंगच येत नाही." मी, "हो." कशालाही हो. कोथिंबीर न घेताच घरी. एकदा बसमध्ये एक जण माझ्याकडे टक लावून बघत होती, तर मी आपला स्टॉप यायच्या आधीच उतरले आणि चकाल्यापासून चालत आले. भर उन्हात. घरी आल्यावर तुझा दादा विचारतो, "बस बंद पडली काय?" मी म्हटलं, "हो."

तेव्हा भांडलो आपण. आठवतंय? म्हणजे मी भांडले, पहिल्यांदाच. "नाव तुझं घाल," मी म्हटलं. "कुंदाताईंचा मसाला. फोटोपण तुझा छाप, नथ घालून, पैंजण घालून, काय वाट्टेल ते घालून."

तू शांत होतीस. त्याचाच जास्त राग आला. म्हणालीस, "माझ्या नावाने कोण घेईल गो? बडबड्या बाईचा मसाला म्हटल्यावर लोकांना वाटेल, ही बोलण्याच्या नादात करपवत असणार. मसाला गप्प बाईचा लागतो. लोकांना वाटतं, ही कुणाशी बोलत नाही, म्हणजे हिचं सगळं ध्यान कढईत आहे."

आणि खरंच तू तसंच करायचीस. स्टॉलवर बाई आली की तू बाजूला सरकून मला दाखवायचीस, "ह्या बघा आमच्या वहिनी. बोलत नाहीत. नुसतं काम." बाया तुझ्या खांद्यावरून वाकून माझ्याकडे बघायच्या आणि मी ज्योतीत अजून मान घालायचे. त्यांना ते नम्रपणाचं वाटायचं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला! माझं जे सगळ्यात नाजूक, जे मी आयुष्यभर झाकून ठेवलं, तेच तू पुढे मांडून त्याची जाहिरात केलीस.

"तू मला विकतेस, मसाला नाही," असं म्हटलं मी तुला. तोंडावर म्हटलं.

तू म्हणालीस, "विकत नाही गो. लपवतेय तुला. लोक माझ्याकडे बघतात तोवर तुझ्याकडे कोण बघतं?"

"पाकिटावर थोबाड छापून लपवतेस?"

त्यावर तू हसत सुटलीस. मी नाही हसले. शेवटी तू हात वर केलेस, "बरं बाई. दिवाळीचा माल जाऊ दे, मग नवीन ब्लॉक करू. नाव नको, फोटो नको. नुसता नारळ काढू." दारापर्यंत गेलीस आणि मागे वळून म्हणालीस, "पण नारळाला लोक काय विचारणार?" आणि जिना चढून गेलीस. मी त्याचं उत्तर शोधत होते. अजून शोधतेय. पण आता ते द्यायचं कुणाला?

इस्पितळात तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला होता. तुझ्या! मी शेजारी बसून होते आणि पहिल्यांदाच आपण दोघी सारख्या गप्प. मला वाटलं होतं, तू गप्प असलीस की मला बरं वाटेल. छे. जीव नुसता कासावीस. नर्स आली नळी बघायला, तर तू तिला डोळ्यांनी खुणावलंस, माझ्याकडे बोट केलंस, आणि मग चिमूट करून जिभेवर टाकल्यासारखं केलंस. मास्कवरून. तिला काही कळेना. ती मला विचारते, "पेशंटला काय हवंय?" मी काय सांगू? की पेशंट तुम्हाला मसाला विकतोय? मी लाजेने लाल झाले आणि तू मास्कच्या आत हसत होतीस, मास्क धुरकट झाला होता. तेच तुझं माझ्याशी शेवटचं. मी रागावले होते तुझ्यावर त्या क्षणी. खरंच रागावले होते.

तू गेल्यावर फिलू आली. आपली गावठाणातली फिलोमिना, आपल्याकडे मिरच्या निवडायला आणि भाजायला येते ती. तिच्या नवऱ्याची होडी गेल्यापासून तिचं घर आपल्या मसाल्यावर आहे, हे मी तुला काय सांगायचं, तूच तिला शोधून आणलीस. ती माझ्याजवळ बसली, गळ्यातल्या क्रुसाशी चाळा करत. म्हणाली, "वासंती, तुला एक सांगू? कुणी तक्रार घेऊन आली ना, की कुंदा तिला दारातून बाहेर न्यायची. जिन्यात. तिथे सगळं ऐकून घ्यायची, पाकीट बदलून द्यायची. मला दम भरलेला, वहिनीच्या कानावर गेलं तर बघ म्हणून."

मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, माझ्या मसाल्याला नावं ठेवणारं कुणी उरलंच नाही. मला वाटायचं, मी सुधारले. आणि तू जिन्यात उभी राहून माझ्या वाट्याचं ऐकून घ्यायचीस, मग आत येऊन म्हणायचीस, "काही नाही, पत्ता विचारत होती." किती बायकांनी पत्ता विचारला गं आपल्या जिन्यात! मी फिलूसमोर रडले नाही. ती गेल्यावर मोरीत जाऊन रडले. तू म्हणालीस ते खरं होतं, लपवत होतीस मला. मी म्हटलं तेही खरं होतं. आता दोन्ही घेऊन मी एकटी बसलेय.

दिवाळीच्या प्रदर्शनातलं टेबल तू आजारी पडायच्या आधीच राखून ठेवलं होतंस. दर दिवाळीला करतो ती चकलीची भाजणी तयार, मसाल्याचे डबे भरलेले. मी ठरवलं होतं, संपलं. बंद. कुणाला काही सांगायचं नाही, दार लावून घ्यायचं. पण बंद करायलासुद्धा बोलावं लागतं गं! अध्यक्षबाईंकडे जाऊन सांगावं लागतं. फिलूला सांगावं लागतं, तिच्या डोळ्यांत बघून. दुकानदारांना सांगावं लागतं. चालू ठेवायचं तरी बोला आणि बंद करायचं तरी बोला. कुठून बाहेर पडू? मी रात्रंदिवस त्या खोलीत फेऱ्या मारत होते, आणि सगळ्या गठ्ठ्यांवरून मीच माझ्याकडे बघत होते, नथ घालून.

तुझा दादा म्हणाला, "आता तुलाच उभं राहायला हवं. जीभ काय शोभेला दिलीय देवाने?" मग स्वतःच उठून बाहेर गेला. तुझ्याबद्दल बोलायला गेला की त्याचा आवाज फाटतो. नातेवाइकांचं वेगळंच, "नणंद जाऊन पुरते दिवस झाले नाहीत, आणि ही स्टॉल लावणार?" आमच्याकडे यंदा दिवाळीला कढई चढायची नव्हती, कंदील लागायचा नव्हता, आणि मी लोकांना खुसखुशीत चकलीची भाजणी विकायला निघाले. वरच्या मजल्यावर तुझा नवरा खिडकीत बसला होता. टेम्पोत डबे चढवताना मी वर बघितलं. त्याने हात केला. काय अर्थाने, कोण जाणे.

शाळेच्या हॉलमध्ये नेहमीचीच जागा, पंख्याखालची. मागे स्टुलावर फिलू, पुढे मी. समोर तुझी पाठ नाही. नुसता हॉल, आणि त्यातल्या सगळ्या बायका सरळ माझ्या अंगावर चालून येतायत असं वाटत होतं. पहिलीच बाई आली, चष्मेवाली. पाकिटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "त्या दुसऱ्या ताई कुठायत? बोलणाऱ्या?"

"गेली," मी म्हटलं.

"कुठे?"

"वारली."

तिने तोंडावर हात ठेवला. माझा खांदा दाबला. आणि भाजणी, मसाला, दोन्ही पाकिटं टेबलावरून उचलली, घ्यायला आली नसताना. पुढची आली. "त्या कुठायत?" मग तिसरी. दिवसभर तेच. कुणीही आधी मसाला विचारला नाही, सगळ्यांनी आधी तुला विचारलं. मी सांगायचे, त्यांचे डोळे भरायचे, आणि पाकीट उचललं जायचं. दुपारी फिलू हळूच म्हणाली, "आज माल चांगला जातोय गं." मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला ऐकलं. एका बाईला सांगत होते, "गेली हो... शेवटपर्यंत मसाल्याचंच बोलत होती." आणि "गेली हो"च्या पुढे मी जरा थांबले होते. बरोब्बर तेवढीच, जेवढी आदल्या बाईपाशी थांबले होते. डोळे तसेच खाली. आवाज तसाच. आणि शेवटपर्यंत तू काय बोलणार होतीस, मास्क होता ना तोंडावर? ते मी बनवलं होतं. कधी बनवलं, मला कळलंपण नाही. बाईने डोळे पुसले आणि मसाला घेतला. कुंदा, मी तुला विकत होते गं. तुझं मरण पुड्या बांधून टेबलावर ठेवत होते आणि लोक उचलत होते. जन्मभर बोलायला जमलं नाही, आणि जमलं ते हे!

त्या रात्री जेवण गेलं नाही. तुझ्यावरच संताप आला. हेच शिकवायचं होतं का मला? लोकांना जे लागतं ते पुढे करायचं, मग ते आपल्या काळजातलं का असेना? तुला हे कसं जमायचं? तुला लागायचं नाही काही? की लागायचं, आणि तू त्यासाठीही कुठल्या जिन्यात जायचीस?

शेवटच्या दिवशी मी ठरवून गेले, कुणी तुझं विचारलं तर काही सांगायचं नाही. काल संध्याकाळची गोष्ट. हॉल रिकामा होत आला होता, शेजारच्या मेणबत्त्यांच्या स्टॉलवाल्यांनी टेबलावरची चादर काढली होती. एक म्हातारी बाई आली, धापा टाकत, हातात कापडी पिशवी. आली ती थेट आपल्या टेबलापाशी. माझ्याकडे नीट बघितलंही नाही, माझ्या मागे, इकडेतिकडे बघायला लागली.

"ती कुठाय? बोलकी?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "जेवायला गेलीय."

मागे फिलूच्या हातातलं काम थांबलं. मला ते न बघता कळलं.

"येईल ना?"

"येईल."

"मग थांबते," म्हातारी म्हणाली, आणि टेबलाच्या बाजूची खुर्ची ओढून बसलीच. पिशवी मांडीवर घेतली. "दर वर्षी तिच्याशी बोलल्याशिवाय मसाला घेत नाही मी. सुनेचं, नातवाचं, सगळं वर्षाचं साठवून आणलंय. घरात कोण ऐकतं? ती ऐकते."

ती ऐकते. कुंदा, मला वाटायचं तू नुसती बोलतेस.

मी काय करणार होते? खरं सांगायचं, तर पुन्हा तेच, तिने डोळे पुसायचे आणि पाकीट उचलायचं. खोटं पुढे न्यायचं, तर किती वेळ न्यायचं? मी माझ्या पायाने त्यात शिरले होते आणि आता मागे फिरायला जागा नव्हती. मी दुसरी खुर्ची घेतली आणि तिच्याशेजारी बसले. हॉलचे पंखे एकेक करून बंद व्हायला लागले. वॉचमन येऊन बघून गेला. म्हातारी पदराने वारा घेत होती.

थोड्या वेळाने म्हणाली, "फारच वेळ जेवते हो ही."

"ती तशीच आहे," मी म्हटलं. "एकदा तोंड चालू झालं की थांबत नाही."

म्हातारी खुदकन हसली. मीपण हसले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग म्हातारीने पिशवी नीट केली, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, आणि आम्ही दोघी हॉलच्या दाराकडे बघत बसलो. ती बघत होती, आणि खरं सांगते कुंदा, मीपण बघत होते.